पिवळ्या काठाचं टेबल

सुताराचं घर कसं चाललंय ते बघायला त्याच्या चुलीपाशी जावं. हाताला काम असलं की रंध्याखालची सालपटं ढिगानं पडतात आणि चूल एका काडीत पेटते. त्या वर्षी सुताराची सून चुलीसाठी ओढ्याकाठच्या काटक्या वेचत होती. वाटेत भेटेल ती बाई विचारायची, "अगं, सुताराच्या घरात लाकडाचा दुष्काळ?" सून हसून वेळ मारून न्यायची आणि घरी येऊन काटक्या चुलीपुढे आदळायची.

पाऊस नुसतं तोंड दाखवून पळाला होता. पिकं नाहीत म्हटल्यावर नांगर कोण करून घेणार आणि दारं तरी कोण बदलणार? ज्याच्याकडे चार पैसे होते तो तालुक्याहून लोखंडी कपाट घेऊन यायचा. घरात माणसं तीन. ती, तिचा नवरा आणि सासरे. सासऱ्यांना सगळं गाव आबा म्हणायचं. आबांचा सांधा असा की त्यात केस शिरू नये, आणि जीभ अशी की तिच्या तडाख्यातून कोणी सुटू नये. काम नव्हतं तेव्हापासून सांधे बंद होते आणि जीभ दुप्पट चालत होती.

लांबच्या शहरातल्या प्लायवूडच्या कारखान्याचा मुकादम बाजाराच्या दिवशी गाडी घेऊन यायचा आणि रिकाम्या हातांची माणसं भरून न्यायचा. पेरणीआधीच्या मोठ्या बाजाराला येतो, असा शब्द नवऱ्यानं त्याला देऊन टाकला होता. गावातले गेलेले पुरुष परत यायचे ते पाहुण्यासारखे. पिशवी दाराशीच ठेवायचे, पाणी मागून घ्यायचे, पोरं त्यांना बिचकायची. सुनेला आपला नवरा पाहुणा व्हायला नको होता. तिनं तसं त्याला सांगितलंही होतं. तो म्हणाला, "मग खायचं काय?"

अशात एका सकाळी मापवाली दारात येऊन उभी राहिली. गावातलं धान्याचं आणि बियाण्याचं दुकान हिचं. नवरा गेल्यावर तिनं ते एकटीनं चालवलं होतं, आणि माप इतकं चोख की लोक तिला मापवालीच म्हणत. तिचं पाळण्यातलं नाव तिला स्वतःलाही चटकन आठवलं नसतं.

"आबा, मला टेबल हवंय," ती उभ्या उभ्याच म्हणाली. "दुकानात बसायला. रंगीत."

"रंगीत म्हणजे कसं?"

"रंगीत म्हणजे रंगीत. वर निळं, पाय लाल, चारी बाजूंचा काठ पिवळाधमक. उजव्या हाताला बियांचे खण, आणि प्रत्येक खणाची कड निराळ्या रंगाची. बघितल्याबरोबर डोळ्यांत घुसलं पाहिजे."

आबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "बाई, खेळण्यांचं दुकान काढताय का?"

"दुकान माझं, मी काय काढायचं ते मी बघीन. पैसे मागू नका, माझ्याकडे नाहीत. धान्य देते. पुढचं पीक हाती येईपर्यंत तिघांना पुरेल एवढा गहू, मका आणि डाळ. पण टेबल माझ्या मनासारखं झालं तर. नाही झालं तर ते तुमचं तुम्हाला लखलाभ. आणि मोठ्या बाजाराच्या दिवशी मला त्याच्यामागे बसायचंय."

दाराआड उभ्या असलेल्या सुनेनं मनातल्या मनात गोण्या रचून पाहिल्या. त्यांच्यामागे मुकादमाची गाडी दिसेनाशी झाली.

आबांनी माळ्यावरची सागवानी फळी खाली काढली. तिला त्यांनी बरेच दिवस कोणाला हात लावू दिला नव्हता. रंधा फिरला आणि तिच्या रेषा वर आल्या, तसे आबा विरघळले. त्यांनी आणि नवऱ्यानं मिळून टेबल केलं. पायांच्या टोकांना काढलेले कुसू भोकांत असे बसवले की एक खिळा लागला नाही. खण सरकवले तर आवाज येईना. रंगाची वेळ आली आणि घोटाळा तिथंच झाला. एवढ्या देखण्या लाकडावर रंगाचं पांघरूण घालायला आबांचा हात धजेना. त्यांनी रंगात वाटीभर तेल ओतलं, वर काळ्याचं बोट फिरवलं, आणि रेषा दिसतील असा पातळ हात मारला.

"आबा, त्यांनी पिवळाधमक सांगितलाय," सून म्हणाली.

"हा पिवळाच आहे. सभ्य पिवळा. तू भांडी घास."

नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं आणि कुंचला धुवायला लागला. त्याचा हा स्वभाव तिला कधीकधी फार टोचायचा.

टेबल हातगाडीवर घालून तिघं दुकानात गेली. मापवालीनं टेबलाभोवती एक फेरी मारली. काठावरून हात फिरवला, मान तिरकी करून पाहिलं, पुन्हा फेरी मारली.

"पिवळा कुठंय?"

"हा काय, तुमच्या हाताखाली."

"हा पिवळा? आबा, चहा सांडलाय हा टेबलावर." ती मागे सरली. "माझ्या कामाचं नाही. घेऊन जा."

"सांधे तरी बघा, बाई!"

"सांधे चांगलेच असणार. मला सांधे विकायचे नाहीत."

तिचा लेक दाराला टेकून उभा होता. चांगला बाप्या माणूस, पण दुकानात त्याचं काम गोण्या उचलायचं. दुकानाच्या चावीवर त्याचा कधीपासून डोळा होता. तो हसला. "आई, पिवळं आणि तपकिरी कळेनासं झालं का तुला? किती दिवस बसणार? दे ती चावी. मोठ्या बाजाराला माप चुकलं तर गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही."

"चुकलं तर देईन चावी," मापवाली म्हणाली. "सगळ्यांच्या देखत देईन. आता हो बाजूला."

ती वळली आणि गुडघा काळ्या लाकडी पेटीवर दाणकन आपटला. ती पेटी तिथं तिच्या लग्नापासूनची होती. पण लगेच काळ्या गोणपाटावर ठेवलेला पांढरा पेला तिनं न चाचपडता उचलला. मका मोजताना मापाच्या कडेवर बोट ठेवून ते भरलं की नाही हे बोटानं पाहिलं. सून हे सगळं बघत होती. तेवढ्यात मापवालीनं तिच्याकडे तोंड केलं आणि विचारलं, "लाल रुमालवाली कोण ती?"

सुनेनं डोक्याला लाल रुमाल बांधला होता. हाताच्या अंतरावर उभी होती. लग्न होऊन आली तेव्हापासून दर आठवड्याला ती या बाईकडून धान्य नेत होती.

"मी, मावशी. सुताराची सून."

"असं होय. उन्हात दिसली नाहीस."

दुकानात ऊन नव्हतंच. सुनेच्या ध्यानात आलं. या बाईला चेहरे दिसत नाहीत, पण भडक रंग दिसतो. आणि हे फुटलं तर चावी आज संध्याकाळी लेकाच्या खिशात. सून तोंड मिटून बाहेर आली.

टेबल पाय वर करून परत निघालं. हातगाडीचं चाक कुरकुरत होतं आणि अख्खा रस्ता बघत होता. न्हावी दुकानातून ओरडला, "आबा, टेबलाला चक्कर आली का?" आबांनी एरवी त्याची सालटी सोलून काढली असती. आज ते खाली मान घालून चालत राहिले. सासऱ्यांची अशी मान तिनं कधी पाहिली नव्हती, आणि जिभेचा सगळा राग विसरून तिला त्यांच्यासाठी रडू आलं.

घरी आल्यावर आबा बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडले. नवरा पाणी प्यायला. मग म्हणाला, "चला. मुकादम आहेच."

"टेबल मी करते," सून म्हणाली.

बाज करकरली. "काय करतेस?"

"रंग. मला कळलंय त्यांना काय हवंय ते."

"आम्हाला नाही कळलं आणि तुला कळलं?"

"हो," ती म्हणाली.

तिचं माहेर कातारी लोकांचं. लाकूड फिरवून कातायचं, भोवरे, खुळखुळे, खाटांचे पाय करायचे आणि त्यांवर लाखेचा रंग चढवायचा, ही त्यांची विद्या. लग्नात वडिलांनी तिला एक दोरीचा लेथ दिला होता आणि डबाभर लाखेच्या कांड्या. आबांनी तेव्हाच सांगून टाकलं होतं, "आमच्या घरात दारं होतात. भोवरे नाहीत." तेव्हापासून लेथ गोठ्यात होता. त्यावर कोंबड्या बसायच्या आणि त्यांनी त्याचं जे करायचं ते केलं होतं.

"लाखेनं रंगवणार," ती म्हणाली.

आबा उठून बसले. "लाख चढते फिरणाऱ्या लाकडावर. टेबल गरागरा फिरवणार आहेस का?"

"काठ्या फिरवीन. काठी कातायची, लाख चढवायची, मग उभी चिरायची. दोन अर्धगोल निघतात. सपाट बाजू टेबलाच्या कडेला लावायची. झाला काठ."

"रंगवलेली काठी चिरलीस की वाट्टेल तिकडे फाटेल. सुताराच्या घरात राहून एवढंही कळू नये?"

"ती आधीच दोन तुकड्यांची असते, आबा. दोन पट्ट्या सरसानं चिकटवायच्या आणि मधे कागद घालायचा. कातून झालं की पटाशी कागदावर धरून एकच ठोका."

आबांनी बाजेवरून पाय खाली सोडले. मग म्हणाले, "हे कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. आई दोरी ओढायची, वडील कातायचे. ते जेवायला उठले की मी लेथवर बसायची आणि मार खायची."

आता नवरा मधे पडला. "आबा, टेबल परत आलंच आहे. आता आणखी काय परत यायचं राहिलंय?" आणि तो गोठ्यात जाऊन लेथवरच्या कोंबड्या हाकलायला लागला. सुनेला त्याच्यावरचा सगळा राग तिथंच सोडून द्यावासा वाटला, आणि तिनं तो सोडला.

लेथ खरवडून, तेल पाजून अंगणात मांडला. फिकट रंगाचं, घट्ट लाकूड निवडलं. पट्ट्या चिकटल्या, सरस वाळला. दोरीचा एक वेढा काठीला घालून नवरा ओढायला बसला आणि सून गोल पटाशी घेऊन समोर बसली. नवऱ्याच्या अंगात जोर होता, ताल नव्हता. तिसऱ्या हिसक्याला पटाशी रुतली, काठी सुटली आणि छपराच्या पत्र्यावर जाऊन ठण्णकन वाजली. कोंबड्यांनी ओरडून घर डोक्यावर घेतलं.

"विहिरीतून म्हैस काढतोयस का?" बाजेवरून आवाज आला. आबा धोतर खोचत आले. "सरक. तू तुझा रंधा धर आणि ती फळी साफ कर. करवत ओढण्यात माझा जन्म गेला, दोरी काय ओढता येणार नाही?" ते बसले, पाय रोवले, दोरी धरली. मग जरा घुटमळले. "पोरी, किती जोरात?"

लग्न झाल्यापासून त्यांनी कामातलं काही तिला विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "करवतीसारखंच, आबा. मी हात उचलला की थांबा."

दोरी पुढे गेली, मागे आली. पटाशीखालून भुगा उडायला लागला आणि काठी गोल होत गेली. आबांच्या दंडावरची सैल कातडी हलत होती, पण ताल एकदाही चुकला नाही. सुनेनं पिवळी कांडी काढली आणि फिरत्या काठीवर दाबली. घासून घासून लाख तापली, वितळली. मग वर तेलाचं बोट लावलेलं सुकं पान दाबलं. त्याबरोबर पिवळा असा उजळून वर आला की आबा दोरी धरूनच बघत राहिले.

"थांबू नका!" सून ओरडली.

ओरडली आणि तिचीच बोबडी वळली. घरात आबांवर कधी कोणी ओरडलं नव्हतं. रंध्याचाही आवाज थांबला. आबांनी एकदा सुनेकडे पाहिलं, मग काठीकडे पाहिलं आणि मुकाट्यानं दोरी ओढायला लागले.

पुढचे दिवस असेच गेले. तिच्या बोटांना चटके बसून फोड आले, पाठ लाकडासारखी ताठली, डोळ्यांत लाखेची धुरी भरली. नवऱ्यानं रंधा मारून आबांचा सभ्य पिवळा उतरवला आणि वरच्या फळीला डब्यातला निळा जसाच्या तसा, एक थेंब तेल न घालता फासला. पाय नवे कातले, लालबुंद. पहिली काठी चिरायची वेळ आली तेव्हा आबा म्हणाले, "चिरणार मी." पटाशी कागदाच्या रेषेवर धरली, श्वास रोखला आणि ठोका दिला. काठीचे दोन सारखे भाग झाले. रंगाचा एक टवका उडाला नाही. आबांनी सपाट बाजूवरून अंगठा फिरवला, तिथं कागदाची लव लागली. "कागदावर फाटली, लेकाची," ते म्हणाले आणि मोठ्यानं हसले.

खणांच्या कडा करताना सुनेनं आणखी एक गोष्ट केली. लाल कडेवर पटाशीनं एक कंगोरा काढला, हिरव्या कडेवर दोन, पांढरीवर तीन.

"हे कशाला?" नवऱ्यानं विचारलं.

"बोटाला बरं लागतं," ती म्हणाली. आबांनी तिच्याकडे बारीक नजरेनं पाहिलं. त्यांना काही कळलं असेल किंवा नसेल. त्यांनी पुढची काठी लेथवर चढवली आणि दोरी धरली.

मोठ्या बाजाराच्या सकाळी टेबल पुन्हा हातगाडीवर चढलं. या वेळी पाय खाली, तोंड वर. न्हाव्याचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावर थांबला. पोरं मागे लागली. रस्त्यावरचं सगळं मळकट आणि मधून हे निळं, लाल, पिवळं चाललेलं. मापवाली दुकानाच्या दारात उभी होती. टेबल अजून रस्त्याच्या पलीकडे होतं तेव्हाच ती म्हणाली, "आलं."

ते आत ठेवलं. तिनं हात न लावता काठाकाठानं फेरी मारली, कुठेही न आपटता. मग स्टूल ओढून त्याच्यामागे बसली. उजवा हात खणांकडे गेला आणि बोटं लाल कडेवरच्या कंगोऱ्यावर थांबली. मग हिरव्या कडेवर. मग पांढऱ्यावर. तिनं मान वर केली.

"लाल रुमालवाली कुठंय?"

"ही काय, मावशी."

मापवालीनं तिचा हात धरला. फोड आलेली बोटं तिच्या अंगठ्याला लागली. तिनं ती एकेक करून चाचपली आणि मगच हात सोडला. सुनेला कळलं की आता दोघींनाही सगळं माहीत आहे.

तोवर बाहेर रांग लागली होती. बियाण्यासाठी आसपासची सगळी गावं लोटली होती. लेक बाजूला हाताची घडी घालून उभा राहिला. सकाळ गेली, ऊन डोक्यावर आलं. मापवालीचा हात लालवरून हिरव्यावर, हिरव्यावरून पांढऱ्यावर जात होता. माप भरत होतं, रिकामं होत होतं. ना ती अडखळली, ना कोणी पुन्हा मोजायला सांगितलं. सून, नवरा आणि आबा दाराशी ताटकळत होते. टेबल मनासारखं झालं असं तिनं अजून तोंडानं म्हटलं नव्हतं, आणि बाजाराच्या टोकाला मुकादमाची गाडी येऊन लागली होती.

शेवटी लेकाला राहवलं नाही. त्यानं खिशातून काहीतरी काढलं, मुठीत धरून हात उंच केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "आई, माझ्या हातात काय आहे, सांग."

रांग चिडीचूप झाली.

"मला काय माहीत," मापवाली शांतपणे म्हणाली. "मला दिसत नाही."

लेकाचा हात वरच राहिला.

"दिसत नाही मला. बऱ्याच दिवसांपासून. तुझं तोंडही दिसत नाही, आणि आत्ता ते कसं झालं असेल ते बघायची फार इच्छाही नाही." ती रांगेकडे वळली. "सकाळपासून घेऊन गेलात. कोणाला माप कमी गेलं? कोणाला चुकीचं बी गेलं? बोला, लाजू नका."

लोक आपापल्या पिशव्या चाचपू लागले. मग मागून एक शेतकरी म्हणाला, "मला मूठभर जास्त आलं, मावशी."

"ते मुद्दाम टाकलंय. तुझ्या घरात खाणारी तोंडं जास्त."

रांग खो खो हसली. हसू रस्त्यापर्यंत गेलं. लेकाचा हात हळूहळू खाली आला.

"आता मागच्या खोलीतून गहू काढ," मापवालीनं त्याला सांगितलं. "मग मका, मग डाळ. सुताराचं धान्य मोजायचंय. चावी माझी राहील, पाठ तुझी."

तिनं स्वतः मोजलं. प्रत्येक मापावर कडेच्या वर ढीग उभा राहील अशी शीग ठेवली. चोख मापासाठी प्रसिद्ध असलेल्या बाईचं शीग असलेलं माप गावानं पहिल्यांदाच पाहिलं. गोण्या हातगाडीवर चढत गेल्या, चाकं मातीत रुतली. रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं काठावरून हात फिरवत विचारलं, "आबा, हे काम तुमचं?"

"माझं?" आबा म्हणाले. "मिस्त्री ही. मी फक्त दोरी ओढली." आणि आजूबाजूला पाहून आवाज आणखी चढवला. "ओरडा पण खाल्ला!"

तिथंच पीठगिरणीवाल्यानं दोन स्टुलं सांगितली. शिंपिणीला तिच्या यंत्राखाली हिरव्या पायांचं टेबल हवं होतं, आणि ती बदल्यात घरभराचे कपडे शिवून देणार होती. न्हाव्यानं आरशाला लाल चौकट मागितली. आबांनी आधी त्याला पुरतं सोललं आणि मगच हो म्हटलं.

गाडी भरत आली तसा मुकादम शोधत शोधत तिथं आला. गोण्या बघून थबकला, तरी नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "चल ना. शब्द दिलायस. तुझी जागा धरून ठेवलीय."

नवऱ्यानं बायकोकडे पाहिलं. तिनं नजर काढून घेतली नाही.

"नाही येत," तो म्हणाला. "जागा दुसऱ्या कोणाला द्या."

"नको, देऊ नका!" आबा पुढे झाले. "उलट तुमच्या गाडीत एखादा कामाचा माणूस बसला असेल तर त्याला खाली उतरवा. आमच्याकडे हात कमी पडताहेत. काय गं, पडताहेत ना?"

"पडताहेत, आबा," ती म्हणाली.

मुकादम तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत गेला. थोड्या वेळानं गाडी बाजारातून बाहेर पडली. तिघांनी हातगाडीला खांदे लावले आणि धान्य घराकडे ओढायला सुरुवात केली.